‘टॉक टू मी’: नव्वद सेकंदांचा खेळ आणि त्यानंतरचं सगळं

या चित्रपटात पाद्री नाही, पवित्र पाणी नाही, लॅटिन मंत्र नाहीत. भूत उतरवायला कोणी येतच नाही. ‘टॉक टू मी’ हा ऑस्ट्रेलियन भयपट पाहून प्रेक्षकांत जे दोन तट पडले, त्याचं मूळ बरंचसं इथंच आहे. अंगात येण्याचा सिनेमा म्हटलं की पलंगाला बांधलेली मुलगी आणि शेवटी अर्धा तास चालणारी झटापट डोळ्यांसमोर येते. ती या ९५ मिनिटांत नाही. इथं शाळकरी वयाची पोरं आपणहून खुर्चीत बसतात, बाकीची मोबाइल समोर धरतात आणि अंगात येणं हा पार्टीतला खेळ होतो. धाक दाखवून खेळायला लावणारं कोणी नाही, उलट ‘आता माझी पाळी’ म्हणून घाई चाललेली असते. ही कल्पना पटली तर चित्रपट अंगावर येतो. नाही पटली तर पोरांचा आचरटपणा वाटतो.

दिग्दर्शक डॅनी आणि मायकेल फिलिपू हे ॲडलेडचे जुळे भाऊ. ‘रॅकारॅका’ या यूट्यूब वाहिनीवर मारामारीचे आणि रक्तबंबाळ विनोदाचे व्हिडिओ करून त्यांनी हात बसवला. हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, चित्रीकरणही ॲडलेडमध्येच. २०२२ च्या ॲडलेड चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला पोचला आणि तिथून ए-ट्वेंटीफोर या कंपनीने अमेरिकेसाठी घेतला. खर्च सुमारे ४५ लाख डॉलर, जगभरची कमाई ९ कोटी डॉलरच्या आसपास. आकडे सांगायचं कारण एवढंच, की पैसा कमी असल्याचं पडद्यावर कुठेही जाणवत नाही. आहे तो पैसा चेहरे, रंगभूषा आणि आवाज यांवर लागलेला दिसतो.

आता खेळ, कारण सगळी मेख त्यातच आहे. साधन म्हणजे मनगटापासून पुढचा एक पांढरा हात, चिनी मातीचा वाटणारा, वर शाईने गिचमिड लिहिलेलं. मेणबत्ती लावायची. हस्तांदोलन करावं तसा तो हात धरायचा आणि म्हणायचं, ‘टॉक टू मी’. समोर कोणीतरी मेलेलं दिसतं, पण फक्त हात धरणाऱ्यालाच. मग दुसरं वाक्य, त्याला आत येऊ देण्याचं. ते उच्चारलं की तो अंगात शिरतो, डोळे काळेभोर होतात, आणि इथून घड्याळ सुरू. ९० सेकंदांच्या आत हात सोडवायचा, मेणबत्ती विझवायची. जास्त वेळ गेला तर आलेला पाहुणा जायचं नाव घेत नाही. म्हणून बसणाऱ्याला पट्ट्याने खुर्चीला बांधतात आणि एक जण वेळ मोजत उभा राहतो.

एवढे नियम एका प्रसंगात, फार बडबड न करता सांगून होतात. भयपटात नियम सांगणं हे जोखमीचं काम असतं. थोडं जास्त सांगितलं की भीती जाते, कमी सांगितलं की पुढे काहीही घडलं तरी खपतं आणि मग कशाचीच धास्ती उरत नाही. इथं माप बरोबर साधलंय. प्रेक्षक मनातल्या मनात सेकंद मोजायला लागतो. कथेची नायिका मिया पहिल्यांदा बसते तेव्हा हात लवकर सुटत नाही, वेळ थोडी टळते. खोलीतली पोरं हसत असतात, तिला मजा आलेली असते. पुढचं सगळं या थोड्याशा उशिरातून वाढत जातं. कोणी शाप देत नाही, कबर उघडत नाही. नियम जरासा मोडतो, बस.

मग मधला प्रसंग. रायली हा सगळ्यांत लहान. त्याची बहीण जेड, म्हणजे मियाची मैत्रीण, त्याला बसू देत नाही, पण ती खोलीबाहेर गेल्यावर मिया त्याला ५० सेकंदांची सूट देते. त्याच्या तोंडून मियाच्या मेलेल्या आईचा सूर येतो आणि मिया वेळ संपली तरी थांबवू देत नाही. त्यानंतर टेबलावर जे घडतं ते अलीकडच्या भयपटांतल्या सर्वांत कठीण दृश्यांपैकी एक आहे. ते इतकं का लागतं, तर घाव दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. लाकडाचा, हाडाचा, कोरडा. पार्श्वसंगीत तुम्हाला सांभाळून घ्यायला येत नाही. कॅमेरा लवकर नजर फिरवत नाही. संगणकावर केलेल्या करामतींपेक्षा भर रंगभूषेवर आहे, म्हणून जखमेला वजन येतं. जो बर्ड या मुलाने रायलीचं काम असं केलंय की नंतर रुग्णालयात तो नुसता पडून असला तरी त्याच्याकडे बघवत नाही.

‘मिया डोक्यात जाते’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती स्वार्थी वागते, खोटं बोलते, मैत्रिणीच्या घराचा आसरा घेऊन त्याच घरावर संकट आणते. हे सगळं खरंच आहे. पण कथेची गाडी याच स्वभावावर चालते. आई जाऊन दोन वर्षं झालेली, ती झोपेच्या गोळ्यांनी गेली, आणि हा अपघात होता की आत्महत्या हे वडील मोकळेपणी बोलत नाहीत. अशा मुलीला कोणीतरी ‘आई बोलतेय’ म्हणून हाक मारली, तर ती घड्याळाकडे कशी बघेल? सोफी वाइल्डने हे फार बारकाईने केलंय. अंगात आल्यावर तिचं शरीर बदलतं, पण त्याहून पाहण्यासारखा आहे तो हात सुटल्यानंतरचा चेहरा: दमलेला, खूश आणि पुन्हा बसायला आसुसलेला. या भूमिकेसाठी तिला ऑस्ट्रेलियन अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. दोन्ही योग्य.

दुसरी तक्रार, ‘हाताचा इतिहासच सांगितला नाही’. ही मात्र पटत नाही. पोरांना ऐकीव गोष्टी ठाऊक आहेत, त्या ती एकमेकांना सांगतात, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याशी जुळत नाही. खेळ असाच हातोहात फिरतो. मध्येच एखादा म्हातारा जाणकार येऊन दहा मिनिटं पुराण सांगत बसला असता तर वेग तिथेच मेला असता. येणारे खरोखर मेलेली माणसं आहेत की त्यांचं रूप घेऊन आलेलं आणखी काही, यावरही प्रेक्षकांत वाद आहे. मियाच्या आईच्या बाबतीत हा प्रश्न मोकळा ठेवलाय, आणि तो मोकळा असल्यामुळेच तिच्या प्रत्येक वाक्याची भीती वाटते. प्रेमळ बोलली की जास्तच.

खरी उणीव वेगळीच आहे आणि तिच्याकडे फार कोणी बोट दाखवत नाही. शेवटच्या तिसऱ्या भागात चित्रपट स्वतःच घातलेले नियम सैल करतो. हात धरलेला नसताना मियाला काय दिसावं, किती वेळ, कोणाच्या रूपात, याला धरबंध राहत नाही. सुरुवातीला सेकंद मोजणारा प्रेक्षक इथं हातातलं घड्याळ गमावून बसतो, आणि भीतीची जागा गोंधळ घेतो. वडिलांसोबतचा मोठा प्रसंग त्यामुळे धक्का देतो, पण तेवढा आत जात नाही. खेळ घेऊन येणारे जॉस आणि हेली हे दोघं सुरुवातीला इतके रसरशीत, नंतर कथेला त्यांची गरजच उरत नाही. रुग्णालयातल्या शेवटच्या हालचालीही फार सहज होतात. इतक्या गंभीर अवस्थेतल्या मुलाच्या आसपास कोणीच कसं नाही, हा प्रश्न पडतोच.

मिरांडा ओटो जेड-रायलीच्या आईच्या भूमिकेत आहे. जागा थोडी, काम चोख. पोरांची खोटी उत्तरं ती ज्या नजरेने ऐकते, त्यावरून घर कसं चालतं ते कळतं.

तंत्राकडे लक्ष देणाऱ्यांनी दोन गोष्टी निवांत पाहाव्यात. पहिली, सुरुवातीचा पार्टीतला लांबलचक शॉट. ॲरन मॅक्लिस्कीचा कॅमेरा आपल्या भावाला शोधणाऱ्या एका तरुणाच्या मागोमाग गर्दीतून शिरतो, दार फोडून आत जातो, पुन्हा बाहेर येतो, आणि तोवर सगळ्यांचे मोबाइल वर झालेले असतात. काय चाललंय ते कळण्याआधीच सगळं संपतं. दुसरी, पोरं आळीपाळीने खेळतात तो गाण्यावर कापलेला भाग. भीतीचं दृश्य मौजेच्या ठेक्यावर बसवल्यामुळे आपणही पाय हलवत बघतो, आणि पुढचा घाव त्यामुळेच जास्त लागतो. रस्त्यावरच्या जखमी कांगारूचा छोटा प्रसंगही हलक्यात घेऊ नका. वेदनेत तडफडणाऱ्या जिवाला संपवावं का, हा तिथला प्रश्न शेवटी मोठा होऊन परत येतो.

पाहताना काही गोष्टी सांभाळा. मूळ इंग्रजी ध्वनीच ठेवा आणि उपशीर्षकं लावा. ऑस्ट्रेलियन उच्चारात पोरं भरभर बोलतात, आणि अंगात आल्यावर बदलणारे आवाज हाच अभिनयाचा अर्धा भाग आहे, डबिंगमध्ये तो हरवतो. बरीच दृश्यं मेणबत्तीच्या उजेडात आहेत. खोलीत दिवा असला तर कोपऱ्यातलं दिसणार नाही, आणि कोपऱ्यात बरंच काही आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर बघायचा असेल तर त्यापेक्षा हेडफोन लावा. सगळ्यांत महत्त्वाचं, ‘टीनएजर मुलांचा सिनेमा’ म्हणून घरातल्या लहानांना घेऊन बसू नका. ऑस्ट्रेलियात याला १५ वर्षांखालच्यांसाठी मोठ्या माणसाच्या सोबतीची अट आहे. मुलाने स्वतःला केलेली इजा, आत्महत्येचा उल्लेख आणि दृश्यं, प्राण्याची तडफड, हे सगळं थेट दाखवलंय. घरात नुकतं कोणी गेलं असेल तर काही महिने थांबा. आईच्या आवाजाचे प्रसंग त्या अवस्थेत झेपणारे नाहीत.

तिसरा भाग सैल वाटला म्हणून शेवट येण्याआधी बंद करू नका. अगदी शेवटच्या मिनिटांत त्याच पायऱ्या, त्याच क्रमाने एकदा अजून येतात: मेणबत्ती, हात, दोन वाक्यं. कोणत्या बाजूने, ते तिथेच पाहा.