दोन डोळ्यांचा वेगमापक: माझा अनुभव

नळीतून दाबलेल्या हवेने बॉल उडवायचा माझा जुना नाद. वेग आजवर कागदावरच काढायचो, म्हणून हा क्रोनोग्राफ घेतला. ३० सेंटिमीटर अंतरावर दोन प्रकाश सेन्सर, बॉलची सावली दोन्हींवरून जायला लागलेला वेळ मोजायचा, बस्स.

अर्धा लिटरची टाकी, गेज दाब (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) २ बार, नळी ५० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर व्यासाची, बॉल ४० ग्रॅमचा. पहिल्या हिशोबात ताशी नव्हे, सेकंदाला ७२ मीटर आले! खूश झालो. मग ट्यूब पेटली: नळीतली बॉलपुढची हवा बाहेर ढकलायलाही काम लागतं, ते वजाच केलं नव्हतं. दुरुस्त आकडा ४५. यंत्र दाखवतं ३७-३८. उरलेला फरक घर्षण, गळती आणि अरुंद व्हॉल्व्हचा. यंत्रावर माझा विश्वास बसलाय.

तक्रारी आहेत. नळीच्या तोंडाशी ठेवलं की हवेच्या झोताने काहीही आकडे येतात. मीटरभर लांब ठेवा. ट्यूबलाइटखाली तर वेडंच होतं. पुस्तिकेत यातलं अक्षरही नाही. स्टँडही डुगडुगतो. पाचपैकी चार तारे. आणि हो, संरक्षक चष्मा घालूनच उडवा.