काच उत्तम, भोक भिकार: घरच्या फायबरचे सहा महिने

चिपळूणपासून नऊ किलोमीटर आत आमची वाडी. मी घरी बसून बावीस जणांचे जीएसटी रिटर्न भरते. 11 आणि 20 या रिटर्नच्या शेवटच्या तारखा, त्या दिवशी नेट गेलं तर घरात कुणी माझ्या वाटेला जात नाही. मे महिन्यात फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून येणारं नेट, घेतलं, त्याचा हा हिशेब. कंपनीचं नाव लिहीत नाही. इकडे दोनच आहेत आणि दोघांची पोरं एकाच टपरीवर चहा पितात.

आधी तांब्याची लाईन होती. पाऊस लागला की ती घरघरायची, आणि आकाशात गडगडाट झाला की मी धावत जाऊन मोडेमची पिन काढायची. तरी दोन मोडेम जळलेच. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी पैसे मोजले असते. खांबावरून येणाऱ्या वायरीला झोळ पेलायला एक पोलादी तार असते. तिच्यातून वीज येऊ शकते, म्हणून कंपनीच्या पोरांनी ती बाहेर वाशालाच बांधून तोडली, आत येऊ दिली नाही. हे काम चोख.

जोडणी मात्र बघण्यासारखी. माजघरात पाट मांडून एका पोराने त्यावर तंतू जोडायचं मशीन ठेवलं. वरचं आवरण सोललं की उरतो केसासारखा तंतू, जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि प्रकाश धावतो तो त्याच्याही पोटातल्या नऊ मायक्रॉनमधून. स्पिरिटने पुसला, कटरने टक्‌ करून छाटला. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, आपापली सरळ झाली, ठिणगी पडली आणि एकच झाली. पडद्यावर 0.02 आलं. "काकी, एवढाच लॉस," तो पोरगा म्हणाला, म्हणजे जोडात प्रकाश एवढाच वाया जातो. रोज टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पैशापैशाचा फरक शोधणाऱ्या बाईला असा जोड बघून बरं वाटतं. पण छाटलेले तुकडे त्याने जमिनीवरच टाकले. काच आहे ती, तळपायात गेली तर दिसतही नाही. आमचे अप्पा अनवाणी फिरतात. मी चिकटपट्टी लावून लावून सगळी फरशी टिपली. ज्यांच्याकडे जोडणी व्हायची असेल त्यांनी आधीच एक रिकामी बाटली पुढे करावी.

आता भोकाचं. चिऱ्याची भिंत दीड फूट जाड. ड्रिलवाला पोरगा शिडीवर, घाईत. त्याने भोक बाहेरून आत उतरतं पाडलं आणि वायर ताठ ओढून आत घेतली. ते आत चढतं हवं, आणि वायरीला बाहेर खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकतं. हे मला जुलैत कळलं, तेव्हा वायरीवरून पाणी चालत येऊन माझ्या फायलींच्या कपाटावर उतरत होतं. तक्रार केली तर उत्तर आलं, "नेट चालू आहे ना?"

चालू होतं, म्हणजे वीस मिनिटं चालू, दोन मिनिटं लाल दिवा. सुरुवातीला घरात पोचणारा प्रकाश मोजायच्या मीटरवर वजा 19 आलं होतं, ऑगस्टात वजा 26. मला वाटलं सातचा फरक तो काय. दुसऱ्यांदा आलेला जरा वयाने मोठा गडी होता, त्याने सांगितलं की हे डीबीचं, म्हणजे डेसिबलचं, गणित वेगळं, दर तीनला प्रकाश निम्मा. म्हणजे सातने पाचवा हिस्साच उरला, आणि वजा 27 च्या खाली आमचा घरातला फायबरचा डबा हात वर करतो. कारणं दोन निघाली. एक, खिडकीच्या चौकटीशी वायर काटकोनात दाबून क्लिप ठोकलेली. काचेला असं मुडपलं की प्रकाश वळणावर बाहेर पडतो. दुसरं, जूनमध्ये कुणीतरी हिरव्या खोबणीत निळी पिन बसवून गेलेलं. हिरवीचं टोक तिरपं घासलेलं असतं, निळीचं सरळ. बसतात एकमेकींत, पण मध्ये फट राहते. त्याने पिन बदलली, वायरीला तव्याएवढं वेटोळं दिलं, आकडा वजा 20 वर. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी मी अकरा दिवस फोन करत होते.

वेगाबद्दल तक्रार नाही. 100 एमबीपीएसचा प्लॅन, लॅपटॉपला वायर लावून 94 मिळतो. स्वयंपाकघरात वायफायवर 11, पण तो दोष चिऱ्याचा, कंपनीचा नव्हे. खांबावरच्या डब्यात एक तंतू आठ घरांत वाटलेला आहे, तरी रात्री सगळे मॅच बघत बसले तरी माझं जीएसटीचं पोर्टल अडत नाही. अडलं तर ते पोर्टलच्या गुणाने. चढता वेगही तेवढाच मिळतो, आणि मला तोच महत्त्वाचा, पक्षकारांची बिलं मीच वर चढवते.

लाईट जाते तेव्हाचं कुणी सांगत नाही. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजातून यायची. या डब्याला घरचीच लागते. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, राउटर तीन-चार तास निघतो. आमच्याकडे तरी कंपनीच्या टोकालाही बॅटरी आहे, हे मी वादळात तपासून पाहिलंय.

बिल 599, वर 18 टक्के, म्हणजे 706.82. सहा महिन्यांचं आगाऊ भरलं, जोडणीचे हजार वेगळे. मी पहिल्याच दिवशी माझा जीएसटी नंबर लिहून दिला होता. तरी बिल निघालं बिननंबरी, जीएसटीच्या 2बी या खरेदीच्या यादीत दिसेना, भरलेल्या कराचं क्रेडिट अडकलं. ऑफिसातली मुलगी म्हणते, "मॅडम, त्याने काय फरक पडतो?" मला विचारते!

सप्टेंबरात वांदरांनी झावळीसकट वायर खाली आणली. सकाळी आठला फोन केला, साडेअकराला तोच मोठा गडी मशीन घेऊन हजर. त्या दिवशी 20 तारीख होती. त्याला घावणे करून घातले, आणि त्याचा स्वतःचा नंबर वहीत लिहून घेतला. पुढचे सहा महिने याच कंपनीत भरले ते त्या नंबरावर.

पाचात साडेतीन. भोकात सध्या एम-सील आहे, मीच शिडीवर चढून भरलेलं.