बिलात 'शाफ्ट नवीन', आत डबड्याचा पत्रा

५ केव्हीएचा सिंगल सिलिंडर डिझेल जनरेटर. इंजिन आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) यांच्यामध्ये रबरी स्पायडरचं जॉ कपलिंग, म्हणजे दोन दातेरी हब आणि त्यांच्या दातांमध्ये रबर. अल्टरनेटरचा शाफ्ट ३८ मिमी. तक्रार एवढीच की लोड टाकला की खटखट आणि दिवे लुकलुकणं. कोल्हापुरातल्या एका फिटरने नुसतं ऐकून 'बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलंय' असं ठरवलं आणि ओव्हरहॉलिंगचा आकडा सांगितला. आम्ही हो-नाही करतोय बघून तोच म्हणाला, बरं, आधी कपलिंगचं बघू. बिल आलं ११,८०० चं: शाफ्ट नवीन ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद), कपलिंग नवीन, चावी (शाफ्ट आणि हबला एकत्र फिरवणारी चौकोनी पट्टी) नवीन, अलाइनमेंट. जेमतेम वीस तास चालल्यावर खटखट परत सुरू.

उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या लेथवर रोटर (अल्टरनेटरचा शाफ्टसकट फिरणारा भाग) उघडला. शाफ्ट जुनाच. मायक्रोमीटरवर ३७.६०, म्हणजे ४० पॉइंट झिजलेला (एक पॉइंट म्हणजे ०.०१ मिमी). त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून कपलिंग ठोकलेलं, वरून ग्रब स्क्रू आणि चकचकीत रंग. डब्याचा पत्रा साधारण ०.२ मिमीचा, दोन्ही बाजूंनी मिळून बरोबर ४० पॉइंट! हिशोब चोख होता, काम नव्हतं.

हे का टिकत नाही? १५०० आरपीएमला चार स्ट्रोक सिंगल सिलिंडर मिनिटाला ७५० वेळा धक्का देतो. शाफ्ट आणि बोअर (हबचं भोक) घट्ट असेल तर तो धक्का पकडीवर आणि चावीवर वाटला जातो. पत्र्याची पकड दोन दिवसांत चेपते, सगळा मार एकट्या चावीवर येतो, कीवेच्या (चावीच्या खाचेच्या) भिंती चेंबतात, कपलिंग मध्यावरून सरकतं आणि बेअरिंगही जातं. हबच्या कडेला लालसर भुकटी दिसली तर समजा आत घासाघीस चालू आहे. ती गंज समजून पुसून टाकू नका.

बिग एंड की कपलिंग, हे कळायला फार तर अर्धा तास लागतो. इंजिन बंद करा. हबचं तोंड आणि शाफ्टचं टोक यांवरून मार्करची एक सरळ रेघ ओढा (फट अरुंद असेल तर अल्टरनेटर थोडा मागे घ्यावा लागेल). फ्लायव्हील एकाने धरायचा, दुसऱ्याने अल्टरनेटरकडचं हब हाताने मागेपुढे हलवायचं. रेघ तुटली तर शाफ्ट-हबची पकड गेलीय. रेघ जागेवर आणि फक्त जॉ हलतात, तर रबर गेलंय, स्पायडर बदला. शंका उरलीच तर अल्टरनेटरचे चार बोल्ट सैल करून तो पूर्ण मागे सरकवा आणि जवळ कोणाला उभं न करता इंजिन एकटंच चालवा. आवाज तसाच राहिला तर दोष इंजिनात. गेला तर मात्र तेवढ्यावरून बिग एंड ठीक आहे असं धरू नका, कारण इंजिनावर लोड नसतो.

खरं काम असं: रोटर बाहेर काढायचा, लेथवर बेअरिंगच्या सीटवर डायल लावून (मध्य बरोबर आहे हे तपासून) शाफ्ट ३७ ला आणायचा, एक ते दोन पॉइंट वर ठेवून. जुन्या कीवेच्या समोरच्या बाजूला १० मिमी रुंद, ५ मिमी खोल नवा कीवे. ३७ लाही चावी १०×८ चीच बसते. कपलिंग कच्च्या बोअरचं आणून ३७.०० ते ३७.०२ ला बोअर करायचं आणि मग स्लॉटिंग, म्हणजे आत चावीची खाच. फसवणूक इथेच होते. दुकानात ३८ चा तयार बोअर सहज मिळतो, रोटर काढायचा कंटाळा असतो, मग पत्रा. कपलिंग उकळत्या पाण्यात तापवून सरकवायचं. हातोडा मारला की मार मागच्या बेअरिंगला.

आणखी एक युक्ती म्हणजे जागेवरच वेल्डिंग भरून घासणं. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास; न तापवता भरलं की जोडाची कड कडक होते आणि शाफ्ट तिथूनच तुटतो. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर खड्डे पडतात ते वेगळेच.

काम देताना हे लिहून घ्या: जुना भाग परत, कपलिंग चढवण्याआधी शाफ्ट आणि बोअरचं माप समोर, शेवटी दोन्ही हबवर पट्टी चार ठिकाणी लावून फरक ०.१ मिमीच्या आत. पैसे लोडवर तासभर चालवून, गार झाल्यावर मार्करची रेघ परत बघूनच द्या.