पाच मोजपात्रांचा संच : पाणी बघण्याआधी रेघ वाचायला लावणारा

सहावी-सातवीला आकारमान शिकवणाऱ्या कुणालाही मी हा संच घ्यायला सांगेन, मात्र त्यातल्या तोटीच्या पात्राच्या भरवशावर नको. खोक्यात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पाच मोजपात्रं येतात, 10, 25, 50, 100 आणि 250 मिलिलीटरची. सोबत बाजूला तोटी असलेलं एक पात्र असतं. त्यात दगड सोडायचा आणि तोटीतून सांडलेलं पाणी मोजायचं. मी हा सगळा संच पूर्ण वर्षभर वर्गात वापरला आहे.

याचं मोल आहे ते रेघांत. 10 च्या पात्रावर एक घर, म्हणजे लगतच्या दोन रेघांमधलं अंतर, 0.2 मिलिलीटरचं, 25 वर 0.5 चं, 50 आणि 100 वर 1 चं, 250 वर 2 चं. कायम एकच पात्र हाताळणारी मुलं घराची किंमत पाठ करून टाकतात. मग 10 च्या पात्रात पाणी 4 च्या वर तिसऱ्या रेघेला असलं, की बिनधास्त 4.3 लिहितात. खरं उत्तर 4.6. इथे पात्र बदललं की हिशोब बदलतो, त्यामुळे दोन आकड्यांमध्ये घरं किती हे आधी मोजावंच लागतं. ही सवय पुढे तापमापीला, काटेतराजूला, सगळीकडे उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट अरुंदपणाची. 1.6 सेंटिमीटर व्यासाची काचेची गोटी साधारण 2.1 घन सेंटिमीटरची असते. 100 च्या पात्रात ती सोडली की पाणी दोन घरं चढतं, 250 च्या पात्रात जेमतेम एक. मग मुलंच म्हणतात, बाई, दहा गोट्या टाकून दहाने भागू या! पाणी 21-22 मिलिलीटर वर येतं आणि एका गोटीचं माप आता दशांशात मिळतं. मिलिलीटर आणि घन सेंटिमीटर एकच, हे फळ्यावर लिहून जेवढं पटत नाही तेवढं गोटीची त्रिज्या सूत्रात घालून आलेलं उत्तर पाण्याशी जुळलं की पटतं.

माझा सगळ्यात आवडता तास मात्र पोलादी गोळीचा. तेवढ्याच व्यासाची पोलादी गोळी काचेच्या गोटीच्या तिप्पट वजनाची असते. पाणी कोण जास्त चढवेल असं विचारलं, तर जवळजवळ अख्खा वर्ग पोलादाकडे हात करतो. दोन्हींना पाणी सारखंच चढतं. मुलं पुन्हा पुन्हा करून बघतात, आणि बघू द्यावं. गोळी नुसती वरून टाकली तर पाणी उडतं आणि वाचन चुकतं, तेव्हा पात्र तिरकं धरून ती कडेने घरंगळत सोडायची. तळ षटकोनी आहे, आडवं पडलेलं पात्र टेबलावरून गडगडत जात नाही. पडलं तरी फुटत नाही, म्हणून ते प्रत्येक जोडीच्या हातात देता येतं.

प्लास्टिकची एक बाजू नीट समजून घ्यायला हवी. काचेत पाणी कडांना चढतं आणि पृष्ठभाग अंतर्वक्र दिसतो. डोळे त्याच पातळीला आणून वक्राचा तळ वाचायचा असतो. पॉलिप्रॉपिलीनला पाणी तसं चिकटत नाही, पृष्ठभाग जवळपास सपाट राहतो. नवशिक्या मुलांना हे सोयीचं आहे, पण फक्त याच पात्रांवर शिकलेलं मूल काचेचं पात्र हातात आल्यावर कडेचा आकडा वाचतं. म्हणून 100 मिलिलीटरचं एक तरी काचेचं मोजपात्र शेजारी ठेवाच.

अचूकपणा शाळेपुरता चांगला आहे. मी 100 च्या रेघेपर्यंत पाणी भरून वजन केलं. 25 अंश सेल्सिअसला ते 99.7 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. फरक एका ग्रॅमच्या आतच राहिला, आणि ब वर्गाच्या, म्हणजे अचूकपणात दुसऱ्या श्रेणीच्या, 100 मिलिलीटरच्या मोजपात्राला एवढी म्हणजे 1 मिलिलीटरची सूट असतेच.

तक्रारी आहेत. रेघा उठावाच्या आहेत, त्यामुळे पुसल्या जात नाहीत, पण त्यांना रंग नाही. धुरकट पात्रात साधं पाणी मागच्या बाकावरून दिसतच नाही, त्यात खाण्याचा रंग घालावा लागतो. मिठाचा खडा पाण्यात विरघळतो म्हणून आम्ही त्याचं आकारमान गोडेतेलात मोजलं. तो प्रयोग सुंदर झाला, पण तेलाचा थर प्लास्टिकवरून निघता निघत नाही. तेलासाठी एक पात्र वेगळंच काढून ठेवावं.

आणि ते तोटीचं पात्र. पृष्ठताणामुळे पाणी तोटीपाशी फुगून थांबतं, काही थेंब आतच अडतात. एकाच दगडाचं उत्तर दर वेळी वेगळं येतं, आणि मुलांना वाटतं दगडच बदलला. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून, आधी तोटीतून पाणी गळायचं पूर्ण थांबू दिलं तर बरंच सुधारतं. तरीही मोजपात्रात न मावणाऱ्या मोठ्या दगडापलीकडे मी ते वापरत नाही. बनवणाऱ्यांनी ते काढून त्या जागी 100 मिलिलीटरचं आणखी एक पात्र, रंगीत रेघांचं, द्यावं.