पाणी एकदम परफेक्ट आहे म्हणाला आणि माझे मासे मरत राहिले

पहिल्यांदाच फिश टँक घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 12 मासे गेले. तीन आठवडे मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय, खायला जास्त घालतेय, हात नीट धुवत नाहीये, कारण ज्याने मासे विकले तोच मला प्रत्येक वेळी तसं सांगत होता आणि प्रत्येक वेळी नवीन एक वस्तू हातात देत होता.

सुरुवात टँकपासूनच झाली. 60 लिटरचा म्हणून दिला. घरी आणून मी मोजला नाही, कोण मोजतं. नंतर मोजला तर 45 सेंटीमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच, म्हणजे गुणाकार करून 1000 ने भागलं की 40 लिटरच्या आसपास, आणि ते पण काठोकाठ भरलं तर, खडी टाकून वर थोडी जागा सोडली की अजून कमी. तुम्ही दुकानात उभे असतानाच टेपने मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

मी त्याला सरळ विचारलं होतं, दादा टँक लावल्यावर मासे किती दिवसांनी सोडायचे? तो म्हणाला, "ताई उद्याच सोडा. पाणी चोवीस तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं, आणि ही बाटली ओता, यात बॅक्टेरिया आहेत, टँक लगेच रेडी होतो." क्लोरीनचं अर्धंच खरं आहे, साधं क्लोरीन पाणी उघडं ठेवलं की जातं पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन टाकतात, ते नुसतं ठेवून जात नाही, त्याला डीक्लोरिनेटरच लागतो. आणि बाटलीवर ना तारीख होती ना नीट लेबल. चांगल्या बाटलीने टँक लवकर तयार व्हायला मदत होते हे खरंय, पण तयार झाला की नाही हे टेस्ट केल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, आणि टेस्टबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी 10 नियॉन टेट्रा, 4 रंगीत ग्लासफिश, 2 गोल्डफिश आणि "काच साफ करायला" एक सकर असे 17 मासे त्याने बांधून दिले. आता मला कळतं की यातलं जवळपास काहीच त्या टँकमध्ये बसत नव्हतं. गोल्डफिश थंड पाण्यातला, भरपूर घाण करणारा आणि हातभर नाही तरी वीतभर सहज वाढणारा मासा, नियॉनला पाणी कोमट लागतं, आणि सकर तर फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. त्याला हे माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही, त्याच्याच दुकानात मागच्या मोठ्या टँकमध्ये हाताएवढा सकर काचेला चिकटलेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे नियॉन वर पाण्याच्या कडेला आले होते, तोंड उघडबंद, कल्ले जोरजोरात हलतायत. फोन केला तर म्हणाला ऑक्सिजन कमी पडतोय, एअर पंप घ्या. घेतला. सहाव्या दिवशी दोन नियॉन तळाशी पडलेले मिळाले, रंग उडालेले.

मग मी बाटलीत टँकचं पाणी घेऊन गेले. हा भाग मी सविस्तर लिहिते कारण खरी फसवणूक इथे झाली. त्याने डब्यातून एक कागदी पट्टी काढली, पाण्यात बुडवली, झटकली आणि डब्यावरच्या रंगांशी लावून मला दाखवली. "बघा ताई, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य, पीएच आठ. पाणी एकदम परफेक्ट आहे. म्हणजे माशांना रोग आलाय." मला पण दोन शून्य बघून बरंच वाटलं. शून्य म्हणजे स्वच्छ असंच कोणालाही वाटेल ना. मग रोगाचं औषध दिलं, आणि सांगितलं की घरी जाऊन टँक पूर्ण रिकामा करा, खडी, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली खळखळून धुवा आणि नवीन पाणी भरा. मी तसंच केलं, अगदी मनापासून घासलं सगळं. पुढच्या पाच दिवसांत अजून पाच नियॉन आणि एक गोल्डफिश गेला. परत गेले तर परत तीच पट्टी, परत परफेक्ट, आणि "जोडी तुटली की मासे खचतात" म्हणून चार नवीन नियॉन. त्यातले तीन आठवड्याभरात गेले.

माझ्या ओळखीच्या एक काकू खूप वर्षं मासे पाळतात. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, अमोनिया किती आला? मी म्हटलं सगळं शून्य होतं काकू. त्या म्हणाल्या पट्टीवर अमोनियाचा चौकोन होता का? मला आठवेना. पट्टीच्या डब्याचा फोटो मी तेव्हा काढून ठेवला होता, तो मोठा करून बघितला. नायट्रेट, नायट्राइट, हार्डनेस, क्लोरीन, पीएच आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) असे सहा चौकोन. अमोनिया नव्हताच. म्हणजे जे मासे मारत होतं ते सोडून बाकी सगळं तो तपासत होता. अशा बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच, त्याची वेगळी टेस्ट घ्यावी लागते.

काकू संध्याकाळी त्यांचं थेंबांचं किट घेऊन आल्या. काचेच्या छोट्या नळीत रेघेपर्यंत पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, हलवलं आणि पाच मिनिटं थांबलो. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. माझं आधी पोपटी झालं आणि मग बघता बघता गडद हिरवं. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून कार्डाशी लावली, 4 पीपीएम, म्हणजे लिटरमागे साधारण 4 मिलिग्रॅम. चांगल्या टँकमध्ये हा आकडा शून्य पाहिजे. आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणजे तो जो आठ पीएच परफेक्ट म्हणून दाखवत होता त्यानेच माझ्या माशांचं जास्त वाटोळं होत होतं.

काकूंनी मग जे समजावलं ते मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मासे श्वासावाटे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं सडून पण अमोनिया होतो. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, त्याने माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं असेल तर मासे सहन करतात आणि आपण पाणी बदलून कमी ठेवतो. हे बॅक्टेरिया पाण्यात फार नसतात, फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर चिकटून वाढतात, आणि नवीन टँकमध्ये त्यांना पुरेसं वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. याला सायकलिंग म्हणतात. आता ते दोन शून्य परत आठवा. मासे असलेल्या टँकमध्ये, त्यात झाडं पण नाहीत, आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट पण शून्य, याचा अर्थ अमोनियाचं पुढे काही होतच नाहीये, सायकल सुरूच झालेली नाही! जो आकडा धोक्याची खूण होता तोच तो मला चांगलं पाणी म्हणून दाखवत होता. आणि स्पंज नळाखाली धुवायला लावून जे थोडे बॅक्टेरिया धरले असतील ते पण क्लोरीनने मारले. एअर पंप, औषध, नवीन मासे, सगळं या एका गोष्टीवर विकलं गेलं.

ग्लासफिशचं वेगळंच. हा मासा मुळात काचेसारखा आरपार असतो, आतला काटा दिसतो. माझ्या चौघांच्या पाठीवर आणि पोटाखाली गुलाबी आणि हिरवी पट्टी होती, तो म्हणाला वेगळी जात आहे. जात नाही, सुईने कातडीखाली रंग भरलेला असतो. महिन्याभरात पट्ट्या फिक्या पडल्या आणि एकाच्या शेपटीवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ आली. काकू म्हणाल्या हा विषाणूमुळे होणारा रोग आहे, लिम्फोसिस्टिस, यावर औषध नाही, आणि असे टोचलेले मासे त्याला जास्त बळी पडतात. बोटाच्या पेराएवढ्या जिवाला टोचून रंगवलेलं मी हौसेने घरी आणलं याचं मला अजून वाईट वाटतं. जन्मतःच रंगीत असणारे, जनुकं बदलून तयार केलेले चमकणारे मासे वेगळे, त्यांचा रंग अंगभर असतो. पण आरपार माशावर एखादीच भडक रेघ दिसली तर घेऊ नका, मागणी थांबली तरच हे थांबेल.

मी त्याच्याकडे परत गेले होते. पट्टीवर अमोनिया का नाही विचारलं तर म्हणाला "ताई नवीन लोकांचे मासे मरतातच, मन लावून घेऊ नका." बिलावर नुसतं "मासे व सामान" लिहिलेलं, त्यामुळे वाद घालायला हातात काही नव्हतं. तेव्हा बिलावर माशाची जात, संख्या आणि टँकचे लिटर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून मी तरी आता काही घेणार नाही.

मासे सोडण्याआधी विचारा की सायकलिंग कसं करू. "गरज नाही" असं उत्तर आलं तर तिथून निघा. मासे न घालता टँकमध्ये 2 पीपीएमपर्यंत अमोनिया टाकून रोज टेस्ट करत राहायचं, आणि टाकलेला अमोनिया 24 तासांत शून्य झाला, नायट्राइट पण शून्य आणि नायट्रेट दिसतंय, मग टँक तयार. अमोनियाची थेंबांची टेस्ट टँकसोबतच घ्या, मासे नंतर.

आणि ज्यांचे मासे आत्ता वर येऊन तडफडतायत त्यांच्यासाठी, आम्ही जे केलं ते सांगते. लगेच अर्धं पाणी बदललं, नवीन पाणी साधारण त्याच तापमानाचं आणि डीक्लोरिनेटर घातलेलं. खाणं दोन दिवस पूर्ण बंद, मग एक दिवसाआड चिमूटभर, मासे तेवढ्याने उपाशी मरत नाहीत. औषधं बंद. काकूंनी त्यांच्या जुन्या निरोगी टँकच्या स्पंजचा एक तुकडा कापून माझ्या फिल्टरमध्ये घातला. रोज टेस्ट, रोज पाणी. दहाव्या दिवशी अमोनिया उतरला पण नायट्राइट चढलं, तेव्हा मी घाबरले, पण ते तसंच होतं, आधी एक उतरतं मग दुसरं, पाणी बदलणं थांबवायचं नाही. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट 10. स्पंज आता फक्त टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळते. गोल्डफिश आणि सकर काकूंच्या ओळखीतल्या मोठ्या टँकवाल्यांकडे दिले. चार नियॉन आहेत, तब्येत चांगली दिसली की अजून सहा आणायचेत पण ते आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये महिनाभर ठेवून. ग्लासफिश तीन उरलेत, आता पूर्ण आरपार दिसतात, पट्टीचा मागमूस नाही.