कर्नल ६.१२चं मेन्युकॉन्फिग: स्टोरेज ड्रायव्हरांच्या भागाचं परीक्षण

लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा मूळ भाग) स्वतः बांधताना त्यात कुठले ड्रायव्हर घ्यायचे ते मेन्युकॉन्फिग या साधनात निवडतात. तिथे सॅटा केबलने जोडलेल्या डिस्कसाठी ‘एएचसीआय सॅटा सपोर्ट’वर वाय दाबायचं, कर्नल कम्पाइल करायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं. पडद्यावर कंट्रोलर सापडल्याची ओळ येते, ‘सॅटा लिंक अप ६.० जीबीपीएस’ दिसतं, डिस्कचं मॉडेलही छापलं जातं. इनिट्रामएफएस (बूट होताना आधी चढणारी, ड्रायव्हर असलेली छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम) नसेल तर त्यानंतर ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ या, म्हणजे रूट (मुख्य) डिस्क माउंट करता आली नाही असं सांगणाऱ्या, ओळीवर सगळं थांबतं. केबल ठीक, कंट्रोलर ठीक, ड्रायव्हर ठीक. राहिलेलं असतं ते दुसऱ्याच मेन्यूतलं ‘स्कझी डिस्क सपोर्ट’.

लिनक्समध्ये सॅटा डिस्क लिबएटीए या कर्नलमधल्या भागामार्फत स्कझी (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क म्हणूनच वर येते. एटीए निवडलं की स्कझीचा गाभा आपोआप निवडला जातो, पण डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे बीएलके_डेव्ह_एसडी, निवडला जात नाही. कम्पायलरचं त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते बूट होताना. १७ नोव्हेंबर २०२४ला आलेल्या, दीर्घकालीन देखभालीच्या ६.१२ मालिकेतल्या मेन्युकॉन्फिगचा स्टोरेजचा भाग वापरताना हाच एक दोष वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो. काय घेतल्याशिवाय कर्नल कम्पाइल होणार नाही हे या साधनाला नेमकं कळतं. काय घेतल्याशिवाय मशीन उठणार नाही हे त्याला माहीतच नसतं. म्हणून पाचापैकी साडेतीन गुण. वजा झालेला दीड गुण सगळा याच एका कारणासाठी आहे, कारण बाकी साधन मनापासून आवडावं इतकं चांगलं आहे.

आधी तयारी. डेबियन घराण्यात बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह आणि लिबेल्फ-डेव्ह ही पॅकेजं लागतात. एनकर्सेस नसेल तर मेन्यू उघडतच नाही. टर्मिनलची खिडकी किमान १९ ओळी आणि ८० स्तंभांची हवी, नाहीतर साधन तसं सांगून बंद होतं. कोऱ्या पाटीपासून सुरुवात करू नये. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमध्ये असते. ती सोर्सच्या मुळाशी ‘.कॉन्फिग’ नावाने ठेवायची आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवायचं. मग नव्या पर्यायांना मूळ किमती मिळतात आणि जुने निर्णय तसेच राहतात.

निळ्या पार्श्वभूमीवरची ती राखाडी चौकट जुनाट दिसते, पण हाताला पटकन बसते. चौकोनी कंस म्हणजे फक्त हो किंवा नाही. कोनी कंस म्हणजे तीन पर्याय: तारा असेल तर ड्रायव्हर कर्नलच्या आत, एम असेल तर वेगळं मॉड्यूल, रिकामा असेल तर नाही. दोन आडव्या रेघांमध्ये तारा दिसला की समजायचं, हा दुसऱ्या कुणीतरी ओढून आणलेला आहे, इथून बंद होणार नाही. सगळ्यात उपयोगी कळ म्हणजे तिरकी रेघ. ती दाबून बीएलके_डेव्ह_एसडी शोधलं की पर्याय कुठल्या मेन्यूत आहे, कशावर अवलंबून आहे, त्याला कोण ओढतं, सगळं समोर येतं. निकालाशेजारचा आकडा दाबला की थेट तिथे उडी. पर्याय मेन्यूत दिसतच नसेल तर झेड दाबून लपलेले पर्याय उघडायचे. मदतीचे मजकूरही बहुतेक ठिकाणी कामाचे आहेत, आणि एका ठिकाणी तर डिस्क वाचवणारे. त्याबद्दल पुढे.

आता घोडं पेंड खातं ती जागा. एका साध्या लॅपटॉपच्या एनव्हीएमई (थेट पीसीआय बसवर बसणाऱ्या वेगवान) डिस्कवरून बूट व्हायचं तर किती मेन्यूंत फिरावं लागतं? ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’मध्ये ‘एनव्हीएमई सपोर्ट’ आणि त्यात ‘एनव्हीएम एक्स्प्रेस ब्लॉक डिव्हायसेस’. फाइल सिस्टिमचा मेन्यू वेगळा. तिथे एक्स्ट४, बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस. पार्टिशन टेबल तिसरीकडे, ‘एनेबल द ब्लॉक लेयर’खाली ‘पार्टिशन टाइप्स’मध्ये. इथे एक बारीक मेख आहे. ‘ॲडव्हान्स्ड पार्टिशन सिलेक्शन’ बंद असेल तर जीपीटीचा, म्हणजे जीयूआयडी पार्टिशन टेबलचा, आधार मुळातच चालू असतो आणि पर्याय दिसत नाही. ते उघडलं की लांबलचक यादी येते, आणि कर्नल हलका करायच्या नादात ‘ईएफआय जीयूआयडी पार्टिशन सपोर्ट’ बंद केला तर डिस्क दिसते, पार्टिशन एकही दिसत नाही. या यादीला हात लावायचं बहुतेकांना कारण नाही.

आणि मग व्हीएमडी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत बायोसमध्ये ‘व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस’ चालू असतं आणि एनव्हीएमई डिस्क त्याच्या पाठीमागे जाते. एनव्हीएमई ड्रायव्हर बरोबर निवडला असूनही डिस्क सापडत नाही, कारण कर्नलला ती पीसीआय बसवर दिसतच नाही. एलएसपीसीआय या आज्ञेच्या यादीत एनव्हीएमईची ओळ नसते. ‘व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस एनव्हीएमई रेड कंट्रोलर’ अशी ओळ असते. लागणारा ड्रायव्हर स्टोरेजच्या कुठल्याच मेन्यूत नाही. तो ‘पीसीआय सपोर्ट’मधल्या ‘पीसीआय कंट्रोलर ड्रायव्हर्स’मध्ये आहे. तांत्रिक दृष्टीने ते बरोबरच आहे, व्हीएमडी हा पीसीआयचा पूलच आहे. पण एनव्हीएमईच्या मदतीच्या मजकुरात त्याची एक ओळ असायला हवी होती. ड्रायव्हर चढला की डिस्क १०००० या वेगळ्याच पीसीआय डोमेनखाली उगवते, ही खूण लक्षात ठेवावी. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं हा दुसरा उपाय. मात्र त्याच मशीनवर विंडोज असेल तर ते बूट डिस्क सापडत नाही म्हणून निळ्या पडद्यावर जाऊ शकतं.

इतर उपकरणांचंही असंच. व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘व्हर्टआयओ ब्लॉक ड्रायव्हर’ एका मेन्यूत आणि त्याला लागणारा व्हर्टआयओ पीसीआय ड्रायव्हर दुसऱ्यात. यूएसबी डिस्कसाठी एक्सएचसीआय (यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर), यूएसबी मास स्टोरेज, यूएएस (यूएसबी डिस्कची नवी, वेगवान पद्धत) आणि पुन्हा तोच स्कझी डिस्क ड्रायव्हर. यूएएस गाळला तरी डिस्क जुन्या पद्धतीने चालते, फक्त हळू. उलट काही सॅटा-यूएसबी पूल यूएएसवर अडखळतात, मोठी फाइल कॉपी करताना डिस्क रीसेट होत राहते. त्या एका उपकरणापुरतं बूट ओळीत (बूट होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांच्या ओळीत) ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’ला विक्रेता क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि शेवटी यू हे अक्षर, मध्ये विसर्गचिन्हं (:) देऊन लिहायचं. बाकीच्यांसाठी यूएएस चालूच राहतं.

आत की मॉड्यूल? वितरणाचा कर्नल जवळपास सगळं मॉड्यूल करून इनिट्रामएफएसमध्ये भरतो, आणि शेकडो प्रकारच्या मशीनवर चालायचं तर तेच योग्य. एकाच मशीनसाठी कर्नल बांधत असाल तर रूट डिस्कच्या वाटेवरचं सगळं आत घ्यावं: कंट्रोलर, डिस्क ड्रायव्हर, फाइल सिस्टिम. साखळीतलं एकही मॉड्यूल राहिलं तर इनिट्रामएफएस लागणारच. रूट डिस्क एन्क्रिप्टेड असेल किंवा एलव्हीएमवर (डिस्कवरची जागा लवचीकपणे वाटणारी सोय) असेल तर सगळं आत घेऊनही तो लागतो. रेडचंही (अनेक डिस्क मिळून एक) तसंच. कर्नलमधलं ‘ऑटोडिटेक्ट रेड अरेज’ फक्त जुन्या ०.९० मेटाडेटाला ओळखतं, आणि रेड उभं करणारं एमडीएडीएम आज मुळात १.२ लिहितं. तो पर्याय चालू करून रेड आपोआप उभं राहील असं समजणं ही नेहमीची चूक.

या निवडीचा एक परिणाम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: ड्रायव्हरचे पॅरामीटर कुठे लिहायचे ते त्यावर ठरतं. मॉड्यूल असेल तर मॉडप्रोब.डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहायचं, आणि तो मॉड्यूल इनिट्रामएफएसमधून चढत असेल तर इनिट्रामएफएस पुन्हा बनवायचा, नाहीतर जुनीच किंमत लागू राहते. ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल तर ती फाइल कुणी वाचतच नाही. तिथे बूट ओळीत मॉड्यूलचं नाव, टिंब, पॅरामीटर, बरोबरचं चिन्ह आणि किंमत असं लिहावं लागतं. खरी किंमत काय लागली ते सिसएफएसमध्ये (/sys फोल्डरमध्ये) मॉड्यूलच्या नावाखालच्या पॅरामीटर्स फोल्डरमध्ये पाहावं. अंदाजावर राहू नये.

सर्वांत जास्त उपयोगी पडणारा असा पॅरामीटर म्हणजे एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस. याची मूळ किंमत १,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १०० मिलिसेकंद. उठायला जास्तीत जास्त तेवढा वेळ घेणाऱ्या वीजबचतीच्या अवस्था कर्नल वापरू देतो. काही डिस्क खोल झोपेतून उठतच नाहीत. मशीन थोडा वेळ रिकामं राहिलं की फाइल सिस्टिम अचानक फक्त वाचण्यापुरती होते आणि लॉगमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ येतं. किंमत ० केली की या आपोआप झोपा बंद होतात. आजचा कर्नल त्या त्रुटीखालीच हा पॅरामीटर आणि सोबत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ सुचवतो. चुकीबरोबर उपाय छापणारी ही ओळ फार मोलाची आहे. मात्र दोन्ही एकदम लावू नयेत. आधी पहिला लावून एक-दोन दिवस पाहावं, नाहीतर लॅपटॉपची बॅटरी विनाकारण लवकर संपेल.

सॅटाकडे याचा भाऊ आहे: ‘डिफॉल्ट सॅटा लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी’. इथे अंकाने किंमत द्यायची असते. ० म्हणजे फर्मवेअरने ठेवलं तसं, १ म्हणजे पूर्ण वेग, ३ म्हणजे मध्यम बचत आणि डिस्कला स्वतःहून लिंक झोपवायची मुभा. ६.१२मध्ये मूळ किंमत ३ आहे, आणि लॅपटॉपसाठी ती योग्य. जुनी .कॉन्फिग पुढे ओढत आलात तर मात्र तिथला ० तसाच राहतो आणि बॅटरीची बचत पदरात पडत नाही, म्हणून एकदा उघडून पाहावं. सर्वांत वरच्या किमतीला हात लावू नये. मदतीच्या मजकुरात स्पष्ट लिहिलंय की सर्वांत कमी विजेच्या किमतीमुळे काही डिस्कवरचा डेटा खराब झाल्याचं आढळलं आहे. वर म्हटलेला डिस्क वाचवणारा मजकूर तो हाच. एखादी डिस्क वारंवार ‘रीड एफपीडीएमए क्यूड’ची त्रुटी देत असेल तर पहिला संशय सॅटा केबलवर. केबल बदलूनही थांबलं नाही तर बूट ओळीतल्या लिबएटीए.फोर्सने त्या पोर्टपुरतं एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक आज्ञा देण्याची सोय) बंद करून बघावं. त्यासाठी ‘एटीए_फोर्स’ हा पर्याय चालू लागतो. मूळ किंमत चालू आहे, अनावश्यक समजून काढू नये.

आयओ शेड्युलरचा (डिस्कवरच्या कामांचा क्रम ठरवणाऱ्या भागाचा) मेन्यू पुन्हा वेगळाच, थेट मुख्य पानावर. एमक्यू-डेडलाइन आणि कायबर आधीच निवडलेले असतात, बीएफक्यू स्वतः घ्यावा लागतो. फिरत्या डिस्क किंवा एसडी कार्डवर काम असेल तर बीएफक्यू घ्यावा. वेगवान एनव्हीएमईला कर्नल स्वतःच कुठलाही शेड्युलर लावत नाही, आणि ते तसंच राहू द्यावं. जुन्या लेखांमधली ‘एलिव्हेटर=’ ही बूट ओळ ५.०पासून निकामी आहे. तसंच ‘आयडीई’चा जुना मेन्यू ५.१४मध्ये काढून टाकला. जुन्या पाटा (सॅटाच्या आधीच्या) डिस्कही आता लिबएटीएखालीच मिळतील.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ हा जवळचा रस्ता खूप वेळ वाचवतो, कारण त्या क्षणी चढलेली मॉड्यूलं तेवढी ठेवून बाकी सगळं तो काढतो. पण ‘त्या क्षणी’ हे शब्दशः घ्यायचं. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडरमधलं कार्ड, बॅकअपची यूएसबी डिस्क, सगळं जोडून एकेकदा माउंट करावं आणि मगच तो चालवावा. नाहीतर महिन्याभराने बॅकअप घ्यायला बसाल आणि ड्रायव्हरच नसेल. ‘एलएमसी_कीप’मध्ये ‘ड्रायव्हर्स/यूएसबी’सारखे मार्ग दिले की तिथली मॉड्यूलं हटत नाहीत.

बूट अडलाच तर पॅनिकच्या (कर्नल थांबल्याच्या संदेशाच्या) वरच्या ओळी वाचाव्यात, फोटो काढून ठेवावा. कर्नल तिथे हाती लागलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. यादी रिकामी असेल आणि कंसात ०,० असेल तर कंट्रोलर किंवा डिस्क ड्रायव्हर राहिला, किंवा डिस्क वर यायच्या आधीच कर्नलने रूट शोधलं. यूएसबी आणि एसडी कार्डावर हे दुसरं कारण नेहमीचं, त्यावर ‘रूटवेट’ लावावं. डिस्क आहे पण पार्टिशन नाहीत, तर पार्टिशन टेबलचा आधार राहिला. पार्टिशनही आहेत आणि कंसात ८,२ किंवा २५९,२ असं काही आहे, तर फाइल सिस्टिम राहिली. खालच्या ‘लिस्ट ऑफ ऑल बीडेव्ह फाइलसिस्टिम्स’मध्ये तिचं नाव नसेल. ८ हा स्कझी डिस्कचा क्रमांक, एनव्हीएमईची पार्टिशनं २५९खाली येतात. इनिट्रामएफएस नसताना रूट यूयूआयडीने (फाइल सिस्टिमच्या ओळख क्रमांकाने) देऊ नये, कारण फाइल सिस्टिमचा यूयूआयडी कर्नल स्वतः वाचत नाही. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) मात्र चालतो. नुसतं एसडीए२ लिहिणंही टाळावं, दुसरी डिस्क लावली की अक्षरं बदलू शकतात.

कम्पाइल करण्याआधी सोर्समधल्या ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ने जुनी आणि नवी फाइल ताडून पाहावी, नको ते बंद झालं असेल तर तिथेच दिसतं. ‘लोकल व्हर्जन’च्या जागी दरवेळी वेगळा शेपटीचा शब्द द्यावा, म्हणजे त्याच आवृत्तीच्या जुन्या कर्नलची मॉड्यूलं पुसली जात नाहीत आणि ग्रबच्या (बूट मेन्यूच्या) यादीत कालपर्यंत चालत असलेला कर्नल आपल्या मॉड्यूलांसकट शिल्लक राहतो.