स्टॉप दाबलं, तरी मोटर घुमतच राहिली

मोटरींमध्ये वीस वर्षं काढून मी फसलो. लाज वाटते, तरी लिहितोय.

मोटर 37 किलोवॅटची, नेमप्लेटवर 68 अँपिअर. ती चालू-बंद करणाऱ्या पॅनेलच्या कोटेशनमध्ये आयसोलेटर (लाइन हाताने तोडायचा स्विच), एसी-3 रेटिंगचा, म्हणजे मोटर थेट चालू-बंद करू शकणारा, 80 अँपिअरचा मेन कॉन्टॅक्टर (बटणावर लाइन जोडणारा-तोडणारा स्विच), मोटर हळूहळू वेगात आणणारा सॉफ्ट स्टार्टर आणि वेगात आल्यावर त्याला वळसा देणारा बायपास कॉन्टॅक्टर. 60 टक्के आगाऊ दिले, उरलेले 40 पॅनेल आलं त्याच दिवशी.

दार उघडलं तर मेन कॉन्टॅक्टरच्या जागी तांब्याच्या तीन पट्ट्या आवळलेल्या. वर 'के-1' चं, म्हणजे मेन कॉन्टॅक्टरचं, स्टिकर मात्र अगदी सरळ! विचारलं, तर पॅनेलवाला हसला. "साहेब, सॉफ्ट स्टार्टर स्वतःच बंद करतो, कॉन्टॅक्टर कशाला?" आणि मी चलनावर सही केली. काम अडलं होतं, माणूस ओळखीचा होता, डिस्प्लेवर आकडे झळकत होते. तुम्हीही केली असती. ते स्टिकर अजून डोळ्यांत खुपतं.

सॉफ्ट स्टार्टरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे थायरिस्टर, बंद झाला म्हणजे लाइन तुटली असं नाही, गळती करंट चालूच राहतो. मोटर थांबलेली असताना टर्मिनलला टेस्टर लावला, पेटला. माझा सॉफ्ट स्टार्टर तर दोनच फेज कंट्रोल करणारा, तिसरा थेट मोटरला. तेव्हाच पॅनेल परत पाठवायला हवं होतं.

चौथ्या महिन्यात एक थायरिस्टर शॉर्ट झाला. स्टॉप दाबलं, मोटर दोन फेजवर घुमत राहिली. जास्त करंटला मेन कॉन्टॅक्टर उघडायला लावणारा ओव्हरलोड रिले ट्रिप झाला, पण तो उघडणार काय? पट्ट्या? आयसोलेटरला हात घातला तर त्यावर एसी-20, म्हणजे लोडवर उघडायचाच नाही. मोटरच्या लोडवर उघडता येणारा एसी-23 बघूनच घ्या. मागचा ब्रेकर पाडेपर्यंत वाइंडिंग जळालं.

बायपास कॉन्टॅक्टरच्या लेबलवरचे 80 अँपिअर एसी-1 चे, म्हणजे हीटरसारख्या सोप्या लोडचे निघाले, एसी-3 ला तोच कॉन्टॅक्टर 50 अँपिअरचा. मोटर वेगात आल्यावरच तो लागतो, म्हणून तिथे चालतं. तेवढ्यापुरता पॅनेलवाला खरा. मात्र बायपासवरून थेट स्टार्ट करणार असाल तर एसी-3 च मागा.

पोलिस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, फसवणूक नाही. तक्रार कक्षात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला अर्ज चुकीच्या टेबलावर, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला माझीच सही मला दाखवली, "माल तपासून मिळाला असं तुम्हीच लिहिलंय." कॉन्टॅक्टर म्हणजे काय हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला, त्यावर कक्षातल्या बाई म्हणाल्या, "पट्टीने मोटर चालत होती ना?"

चालत होती. थांबत नव्हती.

पॅनेलवाला आता फोन उचलत नाही. जळकी मोटर रिवाइंडिंगला पडली आहे, आणि के-1 च्या जागी कॉन्टॅक्टर मी माझ्या पैशाने बसवला.